पाकिटावर ‘डमी’ लिहिलं होतं

“हा चष्मा माझा नाही,” आत्या म्हणाली.

सोमवारची सकाळ होती. घरातलं शूटिंग आदल्या रात्रीच संपलं होतं. मी एका हाताने ठमीच्या पायात मोजा चढवत होते आणि दुसऱ्या हाताने माझा डबा पिशवीत कोंबत होते. ठमी म्हणजे माझी अकरा महिन्यांची मुलगी. मोजा दिसला की ती पाय असा पोटाशी घेते, जसं काही मी तो पाय विकायला न्यायला आले आहे.

“आत्या, शूटिंग संपलं,” मी म्हणाले.

नवरा आरशासमोर दाढी करत होता, तो हसला. मीही हसले. माझ्या भावाच्या त्या सिनेमात आत्याच्या तोंडी जवळपास असंच वाक्य होतं, “हे घर माझं नाही.” सहा दिवसांत ते तिने इतक्या वेळा म्हटलं होतं की ठमी ते ऐकून टाळ्या पिटायला लागली होती.

आत्या हसली नाही. चष्म्याची डावी दांडी तिने चिमटीत धरली. “दोरा काळाच आहे. पण गाठ माझी नाही. आणि हलका लागतोय मेला.”

मी चष्मा घेतला, बाहीला पुसला. जाड तपकिरी फ्रेम, झिजलेल्या कडा, डाव्या दांडीला बिजागरीपाशी गुंडाळलेला काळा दोरा. दोन वर्षांपूर्वी तिथे तडा गेला तेव्हा आत्याने तो दुकानात न नेता स्वतःच बांधला होता. “हा काय दोरा. तुझाच आहे.” मी चष्मा तिच्या नाकावर ठेवला, ठमीला तिच्या मांडीवर ठेवलं आणि पळाले. नऊ वीसची बस गाठायची होती.

मी एका तपासणी प्रयोगशाळेत काम करते. रक्ताच्या नळीवर जे नाव आहे तेच कागदावर आहे ना, हे दिवसभर बघायचं, हे माझं काम. सात वर्षांत माझ्या हातून एक नळी चुकलेली नाही. हे मिरवायला सांगत नाही. यावरून मला कोणी जोड्याने मारलं तरी मी काही बोलणार नाही.

आत्या आमच्याकडे राहायला आली ती ठमी तीन महिन्यांची असताना, माझी रजा संपली तेव्हा. तिने चाळीस वर्षं एका औषधांच्या दुकानात काढली. त्यातली पहिली वीस तर औषधं कुटून, गाळून, बाटलीवर कागदी खुणा चिकटवून द्यायच्या काळातली. तिचा हात असा की चमच्यात औषध ओतताना बाटलीच्या तोंडाशी थेंब लोंबकळत राहत नसे. लग्न केलं नाही. “मला पुड्या बांधायला येतात, मुंडावळ्या नाही,” असं ती म्हणायची. आई गेल्यावर मला आणि भावाला तिनेच वाढवलं. भावाला ती ठोंब्या म्हणते. हा ठोंब्या आता चोवीस वर्षांचा आहे, सिनेमा शिकतो आणि शेवटच्या वर्षाची फिल्म करायची म्हणून माझ्या घरात शिरला होता.

गोष्ट अशी होती: एक म्हातारी सगळं विसरत चालली आहे. स्वतःचं घर ओळखत नाही. मुलगा येत नाही. शेवटी ती चष्मा काढून टेबलावर ठेवते आणि कॅमेरा चष्म्यावर थांबतो.

“मी मरत नाही ना शेवटी?” आत्याने विचारलं होतं.

“नाही.”

“मग करते. मरायचा सराव नको.”

सहा दिवस मी स्वयंपाकघराच्या दारात ठमीला कडेवर घेऊन उभी राहायचे. दोन दिवस रजा टाकली होती, बाकी दिवस सकाळ-संध्याकाळ. त्यांनी बाहेरच्या खोलीच्या खिडकीला काळा कागद चिकटवला, खरं ऊन बाहेर ठेवलं आणि कागदाला फट पाडून बाहेरून एक दिवा आत सोडला. ते त्यांचं ऊन. ते आत्याच्या अर्ध्याच तोंडावर पडायचं. उरलेलं अर्धं काळं. “कळतंय ना ताई,” भाऊ मला समजावायचा, “अर्धी ती आहे, अर्धी गेली आहे. हे बोलून नाही दाखवायचं. दिव्याने दाखवायचं.” कॅमेरा चालवणारी मुलगी, तिला सगळे कॅमेरावालीच म्हणायचे, ती आमच्या कपाटावर पाय दुमडून बसायची. वरून बघितलं की माणूस लहान दिसतं म्हणे.

“अरे ठोंब्या,” आत्या खालून म्हणाली, “मी मुळातच पाच फूट आहे. त्या पोरीला कशाला टांगलीस, पडेल ती.”

आत्याचे कपडे कायम इस्त्रीचे. दुकानातली सवय. तर कपड्यांचं बघणारी जी मुलगी होती तिने तिला दोन मापं मोठा स्वेटर घातला, म्हणजे मान बारीक दिसावी आणि खांदे पडलेले. आणि एक बटण चुकीच्या काजात. आत्या दर वेळी कॅमेरा सुरू व्हायच्या आधी नकळत ते बटण नीट लावायची. कपडेवाली धावत यायची, परत चुकवायची.

“आजी, राहू द्या ना.”

“आजी नाही, आत्या. आणि हे बघून माझ्या दुकानाचा मालक वरून खाली येईल.”

सगळे हसले. मी पण. मला आता त्या खोलीतल्या प्रत्येक हसण्याचा राग येतो.

चष्म्याची गोष्ट दुसऱ्या दिवशी निघाली. आत्याला लहानपणापासून मोठा नंबर. जाड, फुगीर भिंगं. त्यातून तिचे डोळे मोठे दिसतात, टपोरे, कायम कसलं तरी कौतुक वाटत असल्यासारखे. कॅमेरावालीचं म्हणणं, भिंगात दिवे चमकतात आणि डोळे विनोदी दिसतात. मग कपडेवालीने तशीच फ्रेम मिळवली, त्यात साधी काच बसवली, बिननंबरी. नवी दिसू नये म्हणून ती पॉलिशपेपरने घासली, चहाच्या पाण्यात बुडवून ठेवली आणि दांडीला तसाच काळा दोरा गुंडाळला. मुलगी कामाची होती, हे मला मान्य करावंच लागतं. शूटिंगच्या वेळी तो डमी चष्मा आत्याच्या नाकावर, तिचा स्वतःचा डबीत. शॉट संपला की अदलाबदल. हे मला माहीत होतं. म्हणूनच त्या सोमवारी संध्याकाळी, आत्याने जेवताना तेच वाक्य दुसऱ्यांदा म्हटलं, वर धूसर दिसतंय म्हणाली तेव्हा, मी भावाला फोन केला.

“ताई, डमी इथे माझ्यासमोर आहे. पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलंय.”

“उघडून बघ.”

“टेप लावलीये गं. उद्या सगळं सामान कॉलेजात जमा करायचंय. आणि मी सांगतोय ना, डमी असं लिहिलंय.”

मी आत्याला सांगितलं, “त्याने बघितलं. डमी त्याच्याकडेच आहे.”

आत्या म्हणाली, “मग माझेच डोळे गेले असतील.” आणि भाताचं शीत ताटाबाहेर पडलं होतं ते बोटाने चाचपून उचललं.

त्यानंतर घरात तिने चष्म्याचं नाव काढलं नाही. आपण काही बोललो तर ठमीला आपल्याकडे ठेवणार नाहीत, ही भीती तिला बसली होती. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी रोज तिच्याकडे बघत होते. मी बघतच असते. ठमीचा श्वास, गॅसचं बटण, दाराची कडी. मला हेही दिसलं होतं की आत्याचे डोळे लहान झाले आहेत. मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा, “आत्याचे डोळे बघितलेस? केवढेसे झालेत.”

“वय झालं गं,” तो म्हणाला.

जाड भिंगाशिवाय डोळे तेवढेच दिसतात. माझ्या नाकासमोर पुरावा होता आणि मी त्याचा अर्थ म्हातारपण असा लावला. का लावला? कारण सहा दिवस मी त्या दारात उभं राहून तिला वरून, अर्ध्या अंधारात, मोठ्या स्वेटरात बघितलं होतं. त्यांनी जी म्हातारी उभी केली होती तीच मला घरभर दिसायला लागली होती. बुधवारी आत्याने स्वतःच्या स्वेटरचं बटण खरंच चुकवलं. मी ते नीट लावून दिलं आणि म्हणाले काय, तर “अगदी सिनेमातल्यासारखं करतेस.”

पुढच्या मंगळवारी ठमीला ताप आला. तिचं औषध सुईविना पिचकारीने द्यायचं असतं, बारीक रेघा असतात, आमची रेघ तिसरी. मी साहेबांना सांगून दुपारीच घरी आले. आत्या ठमीला मांडीवर घेऊन बसली होती, रिकामी पिचकारी बाजूला. शंका आली म्हणून मी बाटली उजेडात धरली. सकाळपेक्षा बरंच कमी होतं.

“आत्या, किती दिलंस?”

“तिसऱ्या रेघेपर्यंत.”

“दाखव. पाण्याने भरून दाखव.”

तिने भरलं. पिचकारी डोळ्यांच्या अगदी जवळ नेली, मग लांब धरली, मग हात किंचित हलवत राहिली. थांबली ती पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये.

मी ठमीला तिच्या मांडीवरून हिसकावून घेतलं. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले घाबरू नका, एकदाच झालंय, लक्ष ठेवा, पुढचा डोस देऊ नका. ठमीला काहीही झालं नाही. संध्याकाळी ती चमच्याने भांडी बडवत होती. पण फोन आणि संध्याकाळ यांच्या मध्ये मी आत्याला जे बोलले ते इथे लिहिते, कारण मला ते कुठेतरी लिहून ठेवायलाच हवं. मी म्हणाले, “तू माझ्या मुलीला मारून टाकशील.” मला वाढवणाऱ्या बाईला.

तिने पिचकारी धुतली आणि पालथी ठेवली.

भाऊ धावत आला. आधी ठमीचे पापे घेतले, मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, “ताई, तुला दुखवायचं नाही, पण मी फिल्मसाठी खूप वाचलंय. वस्तू आपल्या नाहीत असं म्हणणं, बटणं चुकणं, अंदाज चुकणं. सगळं जुळतंय. मला शूटिंगच्या वेळीच थोडं जाणवलं होतं. इतकी खरी कशी करतेय ही, म्हणून.”

मी त्याला पाणी दिलं. त्याचे आभारही मानले असतील.

विस्मरणाच्या डॉक्टरांकडे मी आणि नवरा तिला घेऊन गेलो. त्यांनी घड्याळ काढायला सांगितलं, कार्डावरची चित्रं ओळखायला सांगितली. आत्याने छत्रीला झाड म्हटलं आणि किल्लीला कंगवा. अंदाजाने बोलत होती, जसं आपण अंधारात पायरी शोधतो तसं. मध्येच ती म्हणाली, “डॉक्टर, हा चष्मा माझा नाही.”

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं.

मी मान हलवली. नाही म्हणून, हळूच, तिला दिसणार नाही अशी. तसं तिला दिसणार नव्हतंच. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. नळीवर काय आहे ते मी रोज कागदाशी ताडून बघते; त्या दिवशी तो कागदच मी माझ्या मानेने लिहून घेतला.

जायचं आत्यानेच ठरवलं. “मला कुठेतरी नेऊन ठेवा. हिला माझ्या हातून काही झालं तर मी जगायची नाही, आणि मला अजून जगायचंय.” नवऱ्याने शहराच्या टोकाला वृद्धांची एक जागा शोधली. स्वच्छ होती. एका खोलीत चार पलंग. आत्याचा दुसरा. निघताना तिने ठमीच्या डोक्यावरून हात फिरवला तो आधी कानाला लागला. “इथे आहेस होय,” असं म्हणाली.

बरोबर सहा दिवसांनी कॉलेजात फिल्म दाखवली. सगळ्या विद्यार्थ्यांच्या फिल्म, बाहेरून आलेले परीक्षक, मोठा हॉल. मी ठमीला मांडीवर घेऊन कडेच्या खुर्चीत बसले, रडली तर बाहेर नेता येईल म्हणून. भावाची तिसरी होती.

चांगली होती. मला खोटं बोलायचं नाही. आत्या पडद्यावर इतकी एकटी दिसत होती की माझ्या मागची बाई नाक ओढायला लागली. आत्या खिडकीकडे बघते, भिंतीकडे बघते, मुलाच्या फोटोकडे बघते आणि तिची नजर कुठेच टेकत नाही. लहान डोळे, काचेत एकही दिवा नाही. मला वाटलं, हे डोळे मी ओळखते. हे सिनेमातले नाहीत, आत्या जायच्या आधी माझ्या घरात होते ते आहेत.

मग शेवटचा शॉट आला. आत्या चष्मा काढते, टेबलावर ठेवते. कॅमेरा खाली टेबलाशी. खिडकीच्या फटीतून ते खोटं ऊन येतं, चष्म्यातून जातं आणि टेबलावर एक ठिपका पडतो. लहान, पांढरा, जळजळीत.

शाळेतल्या पोरांनासुद्धा हे माहीत असतं. साध्या काचेतून उजेड सरळ जातो, गोळा होत नाही. ठिपका पडायला जाड भिंग लागतं.

तो चष्मा आत्याचा होता. खरा. आणि तो शेवटचा शॉट होता. त्यानंतर सामान भरलं गेलं.

दिवे लागले, टाळ्या झाल्या. भाऊ स्टेजवर गेला. एका परीक्षकाने विचारलं, “तुमच्या नटीची नजर फार विलक्षण आहे. कशी काढून घेतलीत?”

“आम्ही तिला काही शिकवलं नाही,” माझा भाऊ माइकमध्ये म्हणाला. “फक्त तिचा नंबर काढून घेतला. तिला समोरचं दिसत नव्हतं, म्हणून ती हरवलेली दिसते. कॅरेक्टर आपोआप तयार झालं.”

लोक हसले. पुन्हा टाळ्या.

मी उठले. ठमीला घेऊन हॉलमागच्या सामानाच्या खोलीत गेले. कपडेवाली तिथेच खोक्यांवर बसून सफरचंद खात होती. “चष्म्याचं पाकीट दे,” मी म्हणाले. माझा चेहरा बघून तिने का म्हणून विचारलं नाही. पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘डमी’ लिहिलं होतं, टेप जशीच्या तशी. मी फाडलं. डाव्या दांडीवर काळा दोरा आणि दोऱ्याला ती गाठ, औषधाच्या पुडीला बांधतात तशी, चपटी, टोक आत दुमडलेली. मी चष्मा डोळ्यांना लावला. खोली फुगून माझ्या अंगावर आली.

“शेवटच्या शॉटला खरा घेतला होता,” कपडेवाली रडकुंडीला येऊन सांगायला लागली. “डमी टेबलावर मेल्यासारखा दिसत होता, उजेडच पडत नव्हता, म्हणून कॅमेरावाली म्हणाली भिंगाचा घ्या. पण सगळ्या शॉट्समध्ये जो होता तो डमी होता ना, म्हणून शॉटमधून उचललेला मी पाकिटात आणि दुसरा आजींच्या डबीत... मला सवयच झाली होती. शॉटमधला चष्मा म्हणजे डमी.”

तिच्यावर मी ओरडले नाही. तिला निदान आपण काय केलं ते समजलं होतं.

भाऊ बाहेर आला तो फुललेला, गळ्यात कोणाचा तरी हात. मी चष्मा त्याच्यासमोर धरला.

“हा कोणाचा आहे?”

त्याने बघितलं. गाठ बघितली. तीच गाठ त्याच्या शाळेच्या डब्याच्या पिशवीला असायची. त्याचा रंग उतरला, हे मी त्याच्या बाजूने लिहिते. पण त्याच्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते असं: “ताई, हळू बोल ना. परीक्षक आत आहेत.”

“तिला इथे का नाही आणलीस आज?”

“तिची तब्येत... तुम्हीच तर तिला...”

“हो. आम्हीच. तिला वेडी ठरवून पलंग नंबर दोनवर टाकली. आणि तू मला लक्षणं शिकवत होतास. तू वाचलं होतंस.”

“माझी चूक झाली. पण मुद्दाम कोणी केलंय का?”

“दिवा मुद्दाम लावला होतास. कॅमेरा मुद्दाम कपाटावर चढवलास. बटण तर सतरा वेळा मुद्दाम चुकवलंस. तुझं मुद्दाम नाही असं त्या फिल्ममध्ये एक तरी आहे का? मग उघडून बघ म्हटलं तेव्हा एक टेप मुद्दाम काढायला काय झालं होतं?”

ठमी या सगळ्यात त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र ओढून चोखत होती. तो रडायला लागला. मला दया आली नाही. अजून आलेली नाही. आणि त्याला बोलताना प्रत्येक वाक्य उलटं फिरून माझ्याकडे येत होतं हे मला ऐकू येत होतं, म्हणून मी आणखी जोरात बोलत होते.

त्याच दुपारी आम्ही तिकडे गेलो. भाऊ बाहेर बाकावर बसून राहिला, आत यायची त्याची छाती झाली नाही. आत्या पलंगावर पाय खाली सोडून बसली होती, भिंतीकडे तोंड करून, अगदी त्या फिल्ममधल्यासारखी. मी तिच्या नाकावरचा चष्मा काढला आणि तिचा तिला घातला.

तिचे डोळे मोठे झाले. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग ठमीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

“किती वाळलीस गं,” ती म्हणाली. मग बोटाने दांडीवरची गाठ चाचपली. “ही माझी.”

मी तिच्या पायाशी बसले आणि जे बोलायचं ते बोलले. तिने ऐकून घेतलं. मला वाटत होतं तिने एक थोबाडीत द्यावी. तिने उलट विचारलं, “सिनेमा चांगला झालाय म्हणे? दाखवा मला. आता दिसेल.”

“घरी चल, आत्या.”

“येईन. महिन्याचे पैसे भरलेत, महिनाअखेर येईन. पण एक सांगते.” तिने ठमीचा पाय हातात घेतला, मोजा सारखा केला. “हिचं औषध तू द्यायचंस. मी नाही.”

“अगं, आता चष्मा आहे ना. हा बघ.”

“चष्मा आहे,” ती म्हणाली. “पण मी चाळीस वर्षं मोजत होते, आणि तू म्हणालीस मी चुकले, आणि मला वाटलं मी चुकले. ते आता जात नाही, पोरी.”

हे ज्यात परत मिळेल असं पाकीट कोणाकडे नाही. भावाच्या फिल्मला बक्षीस मिळालं. तो ते परत करतो म्हणाला. मी म्हटलं, ठेव, आणि पुढच्या वेळी स्टेजवर नंबर काढून घेतल्याचं सांगशील तेव्हा उरलेलंही सांग. त्या डॉक्टरांकडे मी आत्याला पुन्हा नेलं. तिने घड्याळ काढलं, त्यात सेकंदकाटासुद्धा. कागद बदलला. पण माझी ती हललेली मान कुठल्याच कागदावर नाही.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते. आत्याच्या खोलीत खिडकीजवळच्या चौथ्या पलंगावर एक बाई आहेत. गोऱ्या, उंच, उजव्या भुवईवर तीळ. कपाळापासून केस मागे बांधतात. त्या दिवसभर एकच गोष्ट सांगतात, “हे दात माझे नाहीत.” जेवत नाहीत, भात पाण्यात कालवून गिळतात. मी दोनदा स्वतः ऐकलं. आयाला विचारलं तर ती हसून म्हणाली, “त्या असंच म्हणतात.” खोलीतल्या सगळ्यांच्या कवळ्या ती रात्री एकाच भांड्यात धुते, हे आत्याने मला सांगितलं. स्वतःचा चष्मा परत मिळाल्यापासून आत्या सगळं बघते.

मी तिथल्या मेट्रनना सांगितलं. त्या म्हणाल्या, दातांच्या डॉक्टरांना बोलवायचं तर घरच्यांनी सांगायला हवं. त्या बाईंच्या कार्डावर एक फोन नंबर आहे. मी तो पाच दिवस लावतेय. वाजतो, कोणी उचलत नाही.

उजव्या भुवईवर तीळ, उंच, पूर्वी शिवणकाम करायच्या असं म्हणतात. त्या तुमच्या कोणी असतील, मावशी, काकू, जुन्या शेजारीण, कोणीही, तर उद्या सकाळी तिकडे जा. त्यांच्या तोंडातली कवळी काढून हातात घ्या, आणि शेजारच्या तीन पलंगांच्या कवळ्यांशी लावून बघा.